सात किलोंत काय काय मावतं?

फौजी माणसाचं घर काळ्या ट्रंकेत मावतं, असं म्हणतात. साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्याही सैनिकाच्या घरी जा, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली ती जाडजूड पत्र्याची ट्रंक दिसणारच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. जुन्या युनिटवर रंग मारून नव्याचं नाव लिहिलेलं. बदलीचा हुकूम आला की ट्रंक उघडायची, संसार तिच्यात कोंबायचा, वर बसून कडी लावायची आणि निघायचं. ट्रंक किती लांब, किती रुंद, असं कधी कुणी विचारलं नाही. दोघांना उचलली की झालं!

आता दिवस बदलले. हावड्याहून पुण्याला आझाद हिंद एक्स्प्रेसनं यायचं तर दीड दिवस जातो. विमान तीन तासांच्या आत आणून सोडतं. सुटी मोजून मिळते, त्यातले तीन दिवस येण्याजाण्यात कोण घालवणार? त्यामुळे हवालदार-सुभेदारांची कुटुंबंही विमानानं येऊ-जाऊ लागली. ट्रंक मागे राहिली, चाकांची ट्रॉली आली. आणि ट्रॉलीबरोबर आली मापाची भानगड... लांबी इतकी, रुंदी इतकी, वजन सात किलो, एक ग्रॅम जास्त नको!

ही भानगड किती महागात पडू शकते, ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये राहणाऱ्या एका मराठी सुभेदाराच्या बायकोला चांगलंच ठाऊक आहे.

शिवाजी गेटच्या आत

फोर्ट विल्यम म्हणजे हुगळीच्या काठावरचा अष्टकोनी किल्ला. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये इंग्रजांनी तो बांधायला घेतला आणि पुरा व्हायला १७८१ साल उजाडलं. आज तिथं लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करानं त्याचं नाव बदललं. नवं नाव 'विजय दुर्ग', तेही आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून! सेंट जॉर्ज गेटचं तर आता 'शिवाजी गेट' झालंय. इतिहासाची गंमत बघा, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या जोडीनं आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकला आणि पुढच्याच जानेवारीत याच जोडीनं सिराजउद्दौल्याकडून कोलकाता परत घेतलं. आता त्याच विजयदुर्गाचं नाव इंग्रजांच्या किल्ल्याला लागलं.

या किल्ल्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये सुभेदारांचं बिऱ्हाड. डिसेंबरात गावाहून सासूबाई आल्या. निमित्त होतं १६ डिसेंबरच्या विजय दिवसाचं. १९७१ च्या युद्धात मामंजी पूर्वेच्या आघाडीवर लढले होते. ते आता नाहीत. किल्ल्याजवळच्या विजय स्मारकावर त्या दिवशी पुष्पचक्रं वाहतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच म्हातारीची इच्छा. डोळ्यांनी म्हणायचं, पण डोळ्यांतच मोतीबिंदू! शिवाय पंधरा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती आणि बजावलं होतं की साखर आटोक्यात हवी, नाहीतर तारीख पुढे जाईल.

निघायच्या चार दिवस आधी सुभेदारांना कामासाठी सिक्कीमला जावं लागलं. फौजेत 'आत्ता नको' असं म्हणता येत नाही. मग सासू-सुनांनीच जायचं ठरलं. थेट विमानाचं तिकीट परवडेना, म्हणून हैदराबादला विमान बदलायचं. राहिला प्रश्न बॅगेचा.

एकदम केबिन साइज!

किल्ल्यातून मैदान ओलांडलं की न्यू मार्केट. तिथं आणि आजूबाजूच्या फूटपाथवर बॅगांचे ढीग लागलेले असतात. दुकानदारानं एक लालभडक, चकचकीत, चार चाकांची बॅग पुढे सरकवली. "दीदी, एकदम केबिन साइज! गारंटी!" बॅगेवर विमानाचं चित्र असलेलं स्टिकरही होतं. घासाघीस झाली, तीनशे रुपये कमी झाले आणि सूनबाई खुशीत घरी आल्या.

स्टिकरवर विश्वास ठेवला, इथंच सगळं फसलं. 'केबिन साइज' ही काही आयएसआय मार्कासारखी सरकारी मोहोर नव्हे. कुठलाही बनवणारा ते छापू शकतो. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, आयाटानं, जून २०१५ मध्ये सगळ्या जगासाठी ५५ x ३५ x २० सेंटिमीटर असं एकच माप सुचवून बघितलं होतं. पण मापं छोटी केल्याची ओरड झाली आणि तो बेत काही दिवसांतच थांबवावा लागला. तेव्हापासून ज्याची त्याची मापं वेगळी.

दमदमच्या विमानतळावर काउंटरवर काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती अगदी विमानात चढायच्या रांगेत. कर्मचाऱ्यानं मापाच्या चौकटीकडे बोट दाखवलं. सूनबाईंनी बॅग वरून घातली. निम्मी गेली आणि अडकली. पुढचा कप्पा फुगलेला होता. तो दाबून आत घातली तर चाकं वर राहिली. बॅगेचं अंग ५५ सेंटिमीटर होतं खरं, पण चाकांसकट ती ५९ भरत होती!

"मॅडम, बॅग खाली सामानात जाईल. आत पॉवर बँक आहे का? असेल तर काढून घ्या."

पॉवर बँक होती, अगदी तळाशी. रांग बाजूनं पुढे सरकतेय, लाउडस्पीकरवर शेवटची सूचना चाललीय आणि सूनबाई फरशीवर बसून साड्या उपसताहेत... पॉवर बँक हाताला लागली आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं, इन्सुलिनची डबी! सकाळी आपणच साड्यांच्या घडीत ठेवली होती. पुन्हा शोधाशोध. डबी कुठंच नाही. कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले.

सासूबाई शेजारी शांत उभ्या होत्या. खांद्याला खणाची जुनी पिशवी. म्हणाल्या, "माझं सामान माझ्यापाशी हाय. तू बिनघोर दे ती बॅग."

पिशवीत सगळं होतं. इन्सुलिन, सुया, साखर तपासायचं यंत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, डोळ्याची फाइल आणि साखर उतरलीच तर तोंडात टाकायला गुळाचा खडा. निघताना सुनेचं लक्ष नसताना त्यांनी बॅगेतून ते हळूच काढून घेतलं होतं.

बॅग खाली गेली. हैदराबादला विमान बदललं, पण बॅग बदलली नाही! ती पुण्याला पोचली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. नुकसान काय झालं? नणंदेची साडी नेसावी लागली आणि नोलेन गुडाचा संदेश आंबून गेला. पण डबी जर आत राहिली असती तर? पुण्यात औषधांची दुकानं काय कमी आहेत! पण रात्री अकराला अनोळखी भागात दुकान शोधायचं आणि त्याला चिठ्ठी दाखवायची, जी चिठ्ठीही बॅगेतच. एक संध्याकाळ आणि एक सकाळ इन्सुलिन चुकलं असतं, साखर चढली असती आणि शस्त्रक्रियेची तारीख हातची गेली असती. इन्सुलिनचं आणखी एक आहे. ते गोठलं तर निकामी होतं आणि उन्हात तापलं तरी बिघडतं. म्हणून ते खालच्या सामानात कधीच द्यायचं नसतं.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी पहिली चौकशी केली ती त्या लाल बॅगेची. "किती रुपये घातलंस गं तिच्यात?"

टेप घ्या, स्टिकर विसरा

त्यानंतर सूनबाईंनी मापाचा चंगच बांधला. त्यांनी जे शोधून काढलं, ते प्रत्येक घराच्या उपयोगाचं आहे.

देशातल्या विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशाला एक केबिन बॅग नेता येते आणि तिचं वजन साधारण सात किलोपर्यंत चालतं. शिवाय लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग जवळ ठेवता येते. माप मात्र कंपनीगणिक वेगळं. इंडिगोचं ५५ x ३५ x २५ सेंटिमीटर, तर एअर इंडियाचं ५५ x ४० x २०. एकीला जाडी चालते, दुसरीला रुंदी. बेरीज दोन्हीकडे ११५ सेंटिमीटरच! मग घ्यायची कुठली? शाळेतल्या गणितासारखं दोन्हींतलं लहान माप धरायचं. ५५ x ३५ x २०. ही बॅग दोन्हीकडे चालेल. गंमत म्हणजे आयाटाला जमलं नाही, ते हेच माप.

बेरजेच्या बाबतीत एक फसगत होते. ६० x ३५ x २० अशी बॅगही ११५ भरते. दुकानदार बेरीज करून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण चौकटीला बेरीज येत नाही, तिला फक्त उंची कळते. प्रत्येक बाजू मर्यादेतच हवी.

टेप लावायचा तो जमिनीपासून, म्हणजे चाकांच्या तळापासून दांड्याच्या वरच्या टोकापर्यंत. दांडा अर्थात आत ढकललेला. ट्रॉलीला चाकं लागून फार काळ लोटलेला नाही. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकी गृहस्थाला १९७२ मध्ये चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळालं आणि आजच्यासारखी उभी ओढायची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं काढली. चाकांनी हमाल वाचवला, पण मापातले चार-पाच सेंटिमीटर खाल्ले. गोल फिरणारी चार चाकं बाहेर लोंबतात. दोन चाकांच्या बॅगेत ती निम्मी आत बसवलेली असतात, तेवढीच जागा वाचते.

जाडी मोजायची ती बॅग भरल्यावर. पुढचे कप्पे फुगतात. कडेनं जी जादा चेन असते, ती उघडली की बॅग आणखी चार-पाच सेंटिमीटर जाड होते. केबिन बॅगेची ती चेन उघडायचीच नाही, असं ठरवून टाकावं.

टेप नसेल तर? बायका वीत वापरतात. साधारण वीत २२ सेंटिमीटरची धरली, तर ५५ म्हणजे अडीच विती. दुकानात अंदाजाला एवढं पुरे. घरी मात्र जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून ५५ x ३५ x २० ची चौकट करून ठेवावी. मुलांनाही तो खेळ आवडतो, आणि बॅग तिच्यातून गेली की विमानतळावर छाती धडधडत नाही.

रिकाम्या बॅगेचं वजन

दुसरा सापळा वजनाचा. सात किलो म्हणजे बॅगेसकट सात किलो. जुन्या पद्धतीची टणक बॅग रिकामीच साडेतीन किलो भरते. म्हणजे अर्धी मुदत बॅगेनंच खाल्ली! हलकी कापडी बॅग दोन-अडीच किलोंत मिळते, मग साडेचार किलो तरी आपल्या हाती उरतात. हार्ड टॉप बॅग मार सोसते, पण चौकटीत दबत नाही. कापडी बॅग जराशी दबते, पण कोपरे लवकर झिजतात. केबिन बॅग आपल्याच हातात असते, तिला आपटणारं कुणी नसतं. मग टणकपणा घेऊन करायचाय काय?

आपल्या नाशिक जिल्ह्यात व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत. महागडी बॅग असो की साधी, लेबलवर वजन छापलेलं असतं. ते वाचावं. नसेल तर दुकानात काटा मागावा.

घरी वजन करायची सोपी युक्ती म्हणजे वजनकाट्यावर आधी एकटं उभं राहायचं, मग बॅग हातात घेऊन. वजाबाकी केली की झालं. तेही नसेल तर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा काटा आहेच! जरीची भारी साडी एकटीच किलोभर भरू शकते, हे तेव्हा कळतं. म्हणून भारी साडी आणि शाल अंगावर, हलक्या साड्या बॅगेत.

एवढी कटकट कशासाठी, असं वाटेल. हिशेब करून बघा. १८० प्रवाशांचं विमान भरलं आणि प्रत्येकानं सात किलो घेतले, तर डोक्यावरच्या कप्प्यांत बाराशे साठ किलो होतात. प्रत्येकानं दोनच किलो जास्त घेतले तर त्यात तीनशे साठ किलोंची भर. वरून बॅग डोक्यात पडली तर टाके पडतात, आणि घाईनं विमान रिकामं करायची वेळ आली तर वाटेतली बॅग जीव घेते. कोल्हापूर किंवा शिलाँगसारख्या ठिकाणी जाणाऱ्या पंख्यांच्या छोट्या एटीआर विमानात तर वरचे कप्पेच लहान असतात. तिथं नियमात बसणारी बॅगही कधीकधी शिडीपाशीच काढून घेतात.

म्हणजे बॅग कितीही मोजूनमापून घ्या, ती हातातून जाऊ शकते, एवढं गृहीत धरलेलं बरं. आणि सासूबाईंचं शहाणपण नेमकं इथंच होतं.

पिट्ठूचा हिशेब

"तुमाला कसं सुचलं हो, आई?" असं सुनेनं नंतर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुजं मामंजी सांगायचं. लागंल ते अंगावर, दिवसाचं पिट्ठूत, बाकीचं ट्रंकंत. ट्रंक मागनं येती न्हाईतर येत बी न्हाई."

पिट्ठू म्हणजे जवानाच्या पाठीवरची पिशवी. सैनिक सामानाची वाटणी जागेच्या हिशेबानं करत नाही, गरजेच्या हिशेबानं करतो. ज्याच्यावाचून एक दिवसही चालणार नाही ते अंगाशी. विमानाच्या प्रवासालाही हीच वाटणी लागू पडते.

खांद्यावरच्या छोट्या पिशवीत दोन दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, तिकीट, पैसे, दागिना, चष्मा, घराची किल्ली आणि तान्हं मूल असेल तर त्याचं दूध. ही पिशवी कुणी मागितली तरी द्यायची नाही. पॉवर बँकही इथंच. खालच्या सामानात ती चालतच नाही, आग लागण्याची भीती असते. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक जवळ ठेवता येते. नेहमीची २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-अवर होते, म्हणजे काळजी नाही.

केबिन बॅगेत एका दिवसाचे कपडे, टॉवेल, चार्जर, मुलांची पुस्तकं, कोरडा खाऊ. बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडणार नाही, असंच सगळं.

बाकी सगळं काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत. अडकित्ता, विळी, सुरी, कात्री ही तर तिथंच हवी, तपासणीत हातातून काढून घेतात. लोणच्याची बरणी, तुपाचा डबा आणि अख्खा नारळसुद्धा हातातल्या बॅगेत अडतो. परदेशी जाणाऱ्यांना तर १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतलं काहीच हातात नेता येत नाही, मग ते तेल असो की रसगुल्ल्याचा पाक. फौजी सवलतीच्या तिकिटावर काही कंपन्या मोठ्या सामानाचं वजन वाढवून देतात. तिकीट काढतानाच ते विचारून घ्यावं. मापं आणि वजनं बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी तिकिटावर नजर टाकलेली बरी, आणि विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानांची मापं बघावीत.

सूनबाईंनी पुढच्या खेपेला लष्कराच्या कॅन्टीनमधून बॅग घेतली. कापडी, दोन चाकांची, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. टेप पर्समध्ये घालूनच गेल्या होत्या. कॅन्टीनच्या काउंटरवर त्यांनी चाकांपासून दांड्यापर्यंत टेप लावला, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. मग त्यातल्या एकीनं विचारलं, "भाभी, जरा टेप देना!"

आणि खणाची पिशवी? ती सासूबाई सुनेला देऊन गावी गेल्यात. बंद तेवढे नवे लावून घ्यायला सांगितलंय.